गिरणी उसाला जात नाही

मंगल गेल्याची बातमी मला आमच्या दहावीच्या ग्रुपवर कळली. सकाळची वेळ, मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'आपली वर्गमैत्रीण मंगल हिचे बेलापूरकडे ऊसतोडणीवर असताना अपघाती निधन झाले.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'ओम शांती', पुन्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'... एकाचं उचलून दुसऱ्याने चिकटवलेलं. मी फोन हातात धरून दारातच उभी राहिले. आणि त्या रांगेच्या मधोमध राजेंद्रचा रोजचा सुविचार येऊन पडला. उगवता सूर्य, डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला एक माणूस, आणि खाली मोठ्या अक्षरांत असं काहीतरी की परिस्थिती कुणालाच अडवत नाही, अडवते ती आपली मानसिकता. राजेंद्र आमचाच वर्गमित्र, पाथर्डीत भरतीची अकॅडमी चालवतो. त्याने बातमी वाचलीही नसेल, त्याचा सुविचार रोज ठरलेल्या वेळेला येतो. पण लोकांनी त्यालाही अंगठे टाकले. वर मंगलसाठी हात, खाली सुविचारासाठी अंगठे, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्हीकडे माणूस तोच. त्या क्षणी डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. मंगलबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणून बसले आहे, पण राग बाजूला ठेवून त्या लिहिता येतील असं मला वाटत नाही.

झालं ते असं. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून वर चढायचं असतं. थंडीचे दिवस, फळी दंवाने ओली झालेली. डोक्यावर मोळी, पुढे नवरा भानुदास, मागे ही. वर पोहोचता पोहोचता मंगलचा पाय सरकला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ग्रुपवर एकाने लिहिलं, 'काळजी घ्यायला हवी होती.' मी ते वाक्य किती वेळ बघत होते, कुणास ठाऊक. मंगलचा पाय सरकला यावर ज्या माणसाने तिला एकदाही मैदानावर पाहिलं असेल त्याचा विश्वास बसणार नाही, आणि हे लिहिणारा तर आमच्याच शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी होता.

आमचं गाव पाथर्डीच्या पूर्वेला. शाळेला खेळाचं साहित्य म्हणाल तर मैदान आणि मैदानात रोवलेले दोन लाकडी खांब. खो-खोला तेवढंच लागतं म्हणून शाळा खो-खो खेळायची. मंगल त्या खेळासाठीच जन्माला आल्यासारखी होती. काटकुळी, पाय लांब, आणि नजर अशी की समोरची कुठे वळणार हे तिला त्या मुलीच्या आधी कळायचं. पळता पळता एका हाताने खांब पकडून ती स्वतःला असं फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं, खांबच फिरला. आमचे खेळाचे सर तोंडावर कौतुक न करणारे, पण मंगल मैदानात उतरली की ते शिट्टी वाजवायची विसरायचे. मी राखीव खेळाडू. सतरंजीवर बसून पाण्याचा जग सांभाळायचे आणि मनातून मंगलबरोबर पळायचे.

आमच्या घरी पिठाची गिरणी होती, अजूनही आहे. पत्र्याचं शेड, पुढे ओसरी, ओसरीला एक जाड लाकडी खांब, आणि मागच्या बाजूला पोती ठेवायची एक खोली. मंगल डोक्यावर बाजरीचा डबा घेऊन यायची, नंबर लागेपर्यंत डबा खाली ठेवायची आणि त्या खांबाला धरून गरागरा फिरत राहायची. कधी सुलट, कधी उलट, कधी पळत येऊन एका झेपेत. आतून आप्पा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे, "मंगले, खांब उपटशील!" ती थांबायची नाही. फिरता फिरताच म्हणायची, "आप्पा, खांब पक्का हाय, तुमचा पत्राच हालतोय!" पीठ घ्यायला बसलेल्या बाया हसायच्या. आप्पाही पीठ भरलेल्या मिशांतून हसायचे. हे इतक्या वेळा झालं होतं की शेवटी दोघांनाही तसं बोलल्याशिवाय दळण दळल्यासारखं वाटत नसावं.

दिवाळी झाली की त्या गिरणीवर वर्षातली सगळ्यात मोठी रांग लागायची. अर्धं गाव उसाला निघायचं, आणि निघण्याआधी पहिल्या काही दिवसांचं पीठ बरोबर घ्यायचं. दोन-तीन दिवस गिरणी थांबायची नाही. मग ट्रक यायचे, बाया-माणसं, पोरं, कोंबड्या, पाण्याचे पिंप सगळं वर चढायचं आणि गाव रिकामं व्हायचं. आमची गिरणी दिवसातून तासभर चालायची. पण आम्ही कुठे जात नव्हतो. गिरणी काही उसाला जात नाही, म्हणून आम्हीही जात नव्हतो. माझ्या आयुष्यात पुढे जे जे घडलं, त्याचं मूळ मला दुसरीकडे कुठे सापडत नाही. मी वर्षभर शाळेत बसू शकले. दिवाळीनंतर वर्गात बाकं रिकामी पडायची आणि मी माझ्या बाकावर असायचे, यात माझा पराक्रम शून्य.

दहावीच्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात जिंकला, मग विभागात जिंकला. तिथल्या शेवटच्या सामन्यात मंगलने जे केलं ते सांगायला मला शब्द नाहीत आणि ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. राज्य स्पर्धा दिवाळीनंतर होती. मंगलला त्याआधी दर वर्षी तिची आत्या ठेवून घ्यायची, पण त्या वर्षी तिच्या आईला बाळ झालेलं, ओली बाळंतीण. आईबाप दोघंही उसात राबणार, बाळाला धरायला आणि भाकरी करायला कुणी नाही. सर तिच्या वडिलांना भेटायला गेले तेव्हा मीही बरोबर होते. मंगलचे वडील वाईट माणूस नव्हते. ते मान खाली घालून म्हणाले, "सर, पोरगी तुमची हाय, मी कुठं न्हाई म्हनतो? पन भाकरी कोन करील, तेवढं सांगा." सर आल्या पावली परत फिरले.  मंगल ट्रकवर चढली आणि राज्य स्पर्धेत तिच्या जागी मी बसले. आम्ही तिसरे आलो. मंगल असती तर पहिले आलो असतो, हे आमच्या संघातली कुठलीही मुलगी आजही सांगेल.

त्या स्पर्धेतून माझी गाडी रुळावर आली. त्या खेळामुळे मला नगरच्या कॉलेजात आणि तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली, तिथे पुढचं खेळले, आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी घेतली, आणि खेळाडूंच्या जागेतून स्पर्धा परीक्षा पास होऊन नायब तहसीलदार झाले. मी अभ्यास केला, खूप केला, ते नाकारत नाही. ज्यांनी मला शिकवलं, सांभाळलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे आणि राहीन. पण निकाल लागल्यापासून मला जिथे तिथे सत्काराला बोलावतात, शाल घालतात आणि माईक हातात देऊन म्हणतात, मॅडम, मुलांना तुमच्या यशाचं रहस्य सांगा. त्यांना एकच शब्द ऐकायचा असतो, जिद्द. जिद्दीत मंगल माझ्यापेक्षा कमी होती का? तिच्या जिद्दीचा कण माझ्यात नव्हता. घोटा सुजलेला असताना ती फडकं बांधून पळाली आहे, मी ठेच लागली की बाहेर बसायचे. यशाला गुण लागतात, मान्य. पण तेच गुण ज्या पोरीकडे माझ्या दुप्पट होते ती मोळ्या वाहत राहिली, आणि आम्हाला व्यासपीठावर बोलवून गुणांची यादी विचारतात. ती पुढे का गेली नाही, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल ना.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. मंडप, फेटे, गुरुजनांचा सत्कार, सगळं. तारीख राजेंद्रने ठरवली, कारण नोकरीवाल्यांना तेव्हाच सुट्टी असते. भर हंगामात! या तालुक्यात जन्मलेल्या, या शाळेत शिकलेल्या माणसांनी, आपल्या वर्गातली निम्मी मुलं त्या दिवसांत गावात नसतात हे विसरावं! आम्हीही मुलं होतो तेव्हा ती बाकं रिकामी बघितली होती की. वर राजेंद्र माईकवर म्हणाला, "जे आज आले नाहीत त्यांना एकच सांगेन, मैत्रीसाठी वेळ काढावा लागतो!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी मंगल बसली होती. बेलापूरच्या उसाच्या फडातून एक दिवसाचा खाडा करून, तीन एसट्या बदलून आली होती. उसाच्या पानांनी हात चिरलेले, त्यावर तेल लावून आली होती, आणि डोक्यावर गुलाबी फेटा. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सगळी उसात हायेत आन ह्यो म्हनतो येळ न्हाई. सुने, मेळावा पावसाळ्यात ठिवला असता तर निम्मा मांडव आमीच भरला असता."

मग ओळखपरेड झाली. नाव, गाव, हुद्दा. माझी पाळी आली तेव्हा राजेंद्रने ते रहस्य विचारलंच. मी म्हणाले, "आमची गिरणी होती." सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी पुन्हा म्हणाले, "खरं सांगते, गिरणी होती म्हणून आम्हाला उसाला जावं लागलं नाही, म्हणून मी शाळेत होते." राजेंद्र म्हणाला, "मॅडमचा हा नम्रपणाच त्यांच्या यशाचं..." आणि माईक पुढे गेला. मंगलने तो हातात घेतला, जरा लांब धरला, आणि म्हणाली, "मी मंगल. धावी निम्मी. हुद्दा कोयता." मांडव हसला, तीही हसली. मग तिने फेटा सावरला आणि आवाज बदलला. तेवढ्यासाठीच ती आली होती. "माझी आरती आठवीत हाय. लई पळती, माझ्यावानी. गावातलं उसवाल्यांच्या पोरांचं वसतिगृह आठवीपोहतरच हाय, पुढल्या साली तिला ठिवायला जागा न्हाई. दिवाळी ते गुडीपाडवा कुनी ठिवून घ्याल का? तिचं ती करून खाईल. तुमी समदी मोठी झालात, म्हनून इचारते."   राजेंद्रने पुढे होऊन माईक घेतला. "वा, मंगलताई! याला म्हणतात आईची जिद्द! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि झाल्या टाळ्या. एका आईने जागा मागितली होती, तिला टाळ्या देऊन खाली बसवलं. पुढचा कार्यक्रम जेवणाचा होता, आणि वेळेत होता.

हात धुताना मी तिला म्हणाले, आरती आमच्या गिरणीमागच्या खोलीत राहील, आई-आप्पा तिथे आहेतच. तिने माझ्याकडे बघितलं. "आप्पाला इचार आदी. खोली त्यांची हाय." मी तिच्यादेखत फोन लावला. आप्पा म्हणाले, "पोती काय कुटंबी बसतील. तिला म्हनाव, पोरगी खांब उपटनार नसंल तर धाड." मंगलने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि ओरडून सांगितलं, "आप्पा, पत्रा नीट केला का पर!" एसटीत बसेपर्यंत ती हसत होती. तीच शेवटची भेट.

ती गेल्यावर, दहाव्याचे विधी आटोपल्यावर, भानुदास परत फडात गेला. जाताना आरतीला वसतिगृहातून काढून बरोबर घेऊन गेला. पुढच्या दिवाळीचा प्रश्न होता तो याच जानेवारीत येऊन उभा राहिला. मला हे कळलं त्याच दिवशी ग्रुपवर राजेंद्रचा मोठा मजकूर आला. मंगलच्या स्मरणार्थ प्रेरणा व्याख्यानमाला सुरू करायची, समिती नेमायची, पहिलं पुष्प मी गुंफायचं, विषय 'परिस्थितीवर मात'. खाली अंगठ्यांची रांग. मी लिहिलं, 'तिची मुलगी शाळा सोडून उसात आहे. व्याख्यान कुणाला देऊ?'  मग एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी ग्रुप सोडला. चिडून सोडला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

रविवारी मी आणि आप्पा बेलापूरला गेलो. फडाच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या बुटक्या झोपड्या असतात. आरती चुलीपुढे बसली होती. मंगलचेच लांब पाय, ते पोटाशी घेऊन भाकरी थापत होती. भानुदास खचलेला दिसत होता. आम्ही काय बोलायला आलो हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानेच सुरुवात केली. "ताई, कोयता म्हंजी दोघं. एकल्याला मुकादम उभा करत न्हाई." आप्पा खाली बसले. "मग पोरगी तोडती का संगं?" "न्हाई न्हाई, ती कशाला. माझा चुलतभाऊ एकलाच हाय, त्याची-माझी जोडी लावलीया." मला कळेना. मी विचारलं, मग आरती कशाला लागते?  भानुदास चुलीकडे बघत म्हणाला, "आमी दोघं गडी... भाकरी कोन करील?"

तोच प्रश्न. तिच्या आजोबांनी सरांना विचारलेला, शब्द तेच. राज्य स्पर्धा त्यातच गेली होती, आणि आता ही आठवी. मी काहीतरी कडक बोलणार होते, सरकारी आवाजात. पण आप्पा आधी बोलले. "तू करशील की."

"मला येत न्हाई, आप्पा."

"ऊस आईच्या पोटातनं शिकून आला व्हतास का? जन्मभर दुसऱ्याचं पीठ दळलं मी. जातानी पीठ देतो, थापायचं तू. कडंनी फाटली तरी पोटात जाती." भानुदासचा चुलतभाऊ हसला. भानुदासलाही हसू आलं आणि हसता हसता तो रडला. आरती परातीत हात तसाच ठेवून आमच्याकडे बघत होती. शेवटी तो तिला म्हणाला, "जा. तुजी आई बोलली व्हती तसं जा. पन आज मला एक दाखवून जा, पानी किती घ्यायचं ते." आम्ही निघेपर्यंत त्या पोरीने बापाला भाकरी थापायला शिकवलं. पहिली तव्यावर मोडली. दुसरीही मोडली.

तर हे एवढंच होतं. एका पोरीचा खेळ आणि दुसरीची शाळा एवढ्यावरच अडली होती की दोन धडधाकट पुरुषांना भाकरी येत नव्हती. हे कुठल्या सुविचारात बसतं, सांगा मला. आणि आमची एक खोली होती, एक म्हातारा बाप होता, म्हणून एका आरतीचं भागलं. त्या फडावर तिच्या वयाच्या आणखी मुली होत्या, कडेवर लहान भावंडं घेऊन आम्हाला बघत उभ्या होत्या. त्यांना गिरणी कुठून आणायची? आठवीनंतर वसतिगृह बंद करणाऱ्यांना विचारायचं आहे, नववीतल्या मुलीला भूक लागत नाही की तिची शाळाच महत्त्वाची नाही? मी सरकारी नोकर आहे, अर्ज कसा करायचा हे मला येतं, आणि तो मी केला आहे. उत्तर येईपर्यंत मी कुणाच्याही सत्काराला जाणार नाही आणि जिद्दीवर बोलणार नाही.

आरती आता गिरणीमागच्या खोलीत राहते. पोती ओसरीवर आली आहेत. परीक्षा होईपर्यंत तिने चुलीला हात लावायचा नाही असा आप्पांचा हुकूम आहे, आणि आईने हसून कपाळाला हात लावला तरी ते रोज एक भाकरी स्वतः थापून बघतात. गेल्या आठवड्यात मी घरी गेले होते. संध्याकाळी आरती शाळेच्या मैदानावरून आली, दप्तर ओसरीवर टाकलं आणि सहज जाता जाता एका हाताने तो खांब धरून गर्रकन फिरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आतून आप्पांचा आवाज आला, "मंगले, खांब उपटशील!"

नाव चुकल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते दळणाचा डबा हातात घेऊन, दाराकडे तोंड करून, उत्तराची वाट बघत उभे राहिले... आरतीला उत्तर माहीत नव्हतं. तिचा हात खांबावर तसाच राहिला. मग आप्पा वळले, डबा गिरणीत ओतला आणि बटण दाबलं. वरचा पत्रा थरथरायला लागला.